दोन बोटं

अर्धांगवायूनंतर बाबांनी एकच हट्ट धरला होता. गाडी चालू करायची. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी याच गाडीवर टॅक्सी मारली होती आणि याच गाडीवर मला गाडी शिकवली होती. दहा वर्षं ती मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली कव्हरात पडून होती.

मी होकार दिला, कारण डॉक्टर त्यांना चाला म्हणत होते आणि ते पलंग सोडत नव्हते. कांजूरमार्गचे एक मेकॅनिक काका बाबांचे जुने दोस्त. त्यांनी इंजिन उतरवलं, लेथवाल्याकडून बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करून आणलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा बसवल्या आणि ते परत गाडीत चढवलं. त्या रविवारी बाबा कठडा धरून पहिल्या मजल्यावरून खाली उतरले. चौदा पायऱ्या, वीस मिनिटं. मी खुर्ची ठेवली होती.

काकांनी स्टार्टर मारला. इंजिन गरागरा फिरलं, पेटलं नाही. पुन्हा मारला, तेच. बाबांनी डावा हात वर करून दोन बोटं दाखवली आणि काहीतरी बोलले. त्यांची जीभ तेव्हा जड झाली होती. मला वाटलं, दोनच्या गोळीचं विचारतायत. मी म्हटलं, "दिली बाबा, मघाशीच दिली." त्यांनी हात खाली घेतला.

पुढचे तीन रविवार काका येत राहिले. करंट बघितला, येत होता. कॉईल बदलली, कार्बोरेटर खोलून धुतला, टायमिंग दोनदा लावलं. प्लग काढले की ओले निघायचे. काका म्हणायचे, पेट्रोल जास्त येतंय, आणि पुसून परत लावायचे. बाबा दर रविवारी उतरायचे. तिसऱ्या रविवारी त्यांनी माझा आधारही घेतला नाही.

त्याच दिवशी पुसायला म्हणून एक प्लग माझ्या हातात आला. ओला होता, पण त्याला पेट्रोलचा वास नव्हता. मी तो काकांपुढे धरला. त्यांनी वास घेतला, बोटाने चोळून बघितला. मग डब्यातून कंप्रेशनचा, सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज काढला. चार सिलिंडरपैकी मधल्या दोनांत काटा जेमतेम हलला. इंजिन थंड ठेवणारं पाणी आत उतरत होतं.

बाबा खुर्चीतून बघत होते. दोन बोटं वर होती. आवाजावरून त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, दोन सिलिंडर रिकामे फिरतायत.

इंजिनचं वरचं झाकण, हेड, उघडल्यावर ब्लॉकला तडा दिसला, केसाएवढा, दोन्ही बोअरच्या मधोमध. लेथवाल्याने सांगितलं, भिंत आधीच पातळ झाली होती, आता आतून स्लीव्हची नवी नळीसुद्धा बसणार नाही. आम्ही कुर्ल्याच्या भंगारात दुसरा ब्लॉक शोधला. मिळाला तोही फुटका. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधीच गेज लावायला हवा होता गं. माझं चुकलं. पण लावला असता तरी तडा तर होताच."

गाडी आता चालू होणार नाही, हे बाबांना मीच सांगितलं. आवाज खाली ठेवून, जमेल तितकं सावकाश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, एकेक शब्द तोडत, "मग... मी... काय... सांगत होतो?"

मी माफी मागितली. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

पुढच्या रविवारी मी चपला पायाशी ठेवल्या, तर त्यांनी पाय वर ओढून घेतले. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीची एक मुलगी यायची. तिने महिनाभर प्रयत्न केला, आणि एक दिवस मला बाहेर बोलावून म्हणाली की ते साथच देत नाहीत. तिचं येणं थांबलं. उजवा पाय आता गुडघ्यात वाकत नाही.

काका अजून येतात. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसतात, चहा घेतात. गाडीचा विषय कोणी काढत नाही. दुसरा काही विषय त्या दोघांकडे कधी नव्हताच.