ठकू कहे

माझा रियाज संपला की गुरुजींच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, ओलं फडकं घेऊन यायच्या. मी खाली ठेवलेला तंबोरा पुसायच्या. भोपळा, दांडी, घोडी, सगळं. माझ्या देखत. बाकीच्या मुलींनी वाजवलेला तंबोरा नुसता खोळीत जायचा.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी बजावलं होतं, मिरजेचा तंबोरा आहे, त्याला पाण्याचा थेंब लावायचा नाही, जवारी बिघडते, आवाज मरतो. आणि तेच गुरुजी समोर पान लावत बसलेले असायचे. एकदाही म्हणाले नाहीत की अगं, लाकूड फुगेल. विद्येपेक्षा विटाळ मोठा. फडक्याला कुबट वास यायचा. अजून कुठं ओलं फडकं दिसलं तरी मला तोच वास येतो.

सांगलीतलं ते घर. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी कवठे महांकाळकडची. आम्ही बौद्ध. वडील पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळं सूर घरातलाच. कॉलेजसाठी सांगलीला आले आणि गाणं शिकायला गेले. आडनाव ऐकून काकूंनी नाक मुरडलं. गुरुजी म्हणाले, "गळा चांगला आहे, येऊ दे." त्या एका वाक्यावर मी काही वर्षं ते फडकं सोसलं.

मला चाली सुचायच्या. बंदिशींत जिथं तिथं पनघट. पाणी भरायला निघालेली गोपी आणि तिची घागर फोडणारा कान्हा. आमच्या गावात घागर फोडायला कुणी येत नव्हतं. फोडून सांडणार काय? उन्हाळ्यात आई टँकरच्या रांगेत, मी तिच्या शेजारी. तिथंच मला मारव्यात बंदिश सुचली. 'रीती गगरिया ले घर आयी.' रिकामी घागर घेऊन घरी आले. बंदिश बांधणारा अंतऱ्यात आपलं नाव गुंफतो, त्याला छाप म्हणतात. मी माझं नाही, आईचं गुंफलं. ठकूबाई. 'ठकू कहे, सब कुएँ सूखे.'

आई लाजली. "आगं, माजं नाव कशाला घालतीस? लोक हसत्याल."

"हसू देत," मी म्हटलं.

गुरुजींना ऐकवली. डोळे मिटून ऐकत होते. ठकू आली तसे हसले. "ठकू? अगं, बंदिश आहे की भाजीबाजार?" मग म्हणाले, "चाल मात्र लाखात एक. साताऱ्याच्या मैफलीत मी गाईन."

मी पाया पडले. मूर्ख मी. आईला निरोप धाडला, साताऱ्याला ये, तुझं नाव गाणार आहेत.

आई एसटीनं आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली. पुढच्या खुर्च्या सोडून मागं खांबाला टेकून बसली. मी गुरुजींच्या मागं तंबोऱ्यावर. गुरुजी माईकवर म्हणाले, "मारव्यात एक नवी बंदिश सुचली आहे." सुचली आहे! कुणाला, ते सांगितलं नाही. तरीही मी मनाची समजूत घालत होते, अंतऱ्यात ठकू येईल, मग कळेलच लोकांना.

अंतरा आला. सुकलेल्या विहिरी गेल्या होत्या, तिथं कान्हा येऊन बसला होता. ठकूच्या जागी गुरुजींची स्वतःची छाप. पुढच्या रांगेतून वाहवा उसळली. काकू तंबोरा पुसायच्या, यांनी माझी आईच पुसली. आणि ती तिथं खांबाला टेकून, मान पुढं काढून, नावाची वाट बघत होती.

तंबोरा धरणाऱ्यानं मैफलीत हात थांबवायचा नसतो. ताप असला तरी. मी थांबवला.

गुरुजी मान वळवून पुटपुटले, "वाजव."

"आधी ठकूचं नाव घ्या."

माईकनं ते सगळ्यांना ऐकवलं. तबला थांबला. गुरुजी लोकांकडं बघून गोड हसले. "हिला जरा बरं नाही." दुसऱ्या शिष्येला खूण केली. ती आली, माझ्या हातातून तंबोरा घेतला. मांडीवर घेण्याआधी पदरानं पुसला.

मैफल पुढं सुरू झाली. एकानंही विचारलं नाही की ठकू कोण. उठली ती एकटी आई. बाहेर आल्यावर म्हणाली, "चाल तर तीच हाय की गं. मग माजं नाव कुटं गेलं?"

"खाल्लं त्यांनी."

आई रस्त्याच्या कडेला थुंकली. "मग वकाय लाव त्यास्नी."

त्या घराची पायरी मी पुन्हा चढले नाही. बंदिशी मात्र बांधत राहिले. प्रत्येकीत ठकू. कार्यक्रम ठरवणारे म्हणायचे, बाई, नाव जरा रसाळ घ्या की. मी नाही म्हणायची, कार्यक्रम जायचा. गेले तर गेले.

आता गुरुजींचेच शिष्य निरोप धाडतात. तुमच्या बंदिशी गायच्या आहेत, तेवढं छापेचं काय ते बघा. बघायचं काही नाही. गायची असेल तर ठकू म्हणायचं, खणखणीत, भर मैफलीत. ज्याचं तोंड त्या नावानं विटाळतं, त्यानं माझ्या बंदिशीला तोंड लावायचं नाही.