उलटं लावलेलं टेनिस कोर्ट

गळणारं पाणी गढूळ होतं. भीती त्या रंगाचीच होती.

कालव्याच्या मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरतंच. ते स्वच्छ असेल तर बांध शाबूत. गढूळ असेल तर पाणी आतली माती घेऊन निघालेलं असतं. मग भोक वाढतं आणि बांध फुटतो.

मी तेव्हा यवतजवळच्या सेक्शनला ओव्हरसियर होतो. सत्तरच्या दशकातला कोरडा उन्हाळा. दौंडच्या अंगाला टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावांची पाण्याची पाळी त्याच सकाळी सुरू झाली होती. तिथल्या विहिरी आटलेल्या. पाळी चुकली तर पुढचं पाणी महिन्यानं.

कालव्याची राखण करणारा पाटकरी तुकाराम गळतीपाशी उभा होता.

"खेकड्यांनी पोखरलंय, सायेब. मगाशी धार करंगळीवानी व्हती. आता बघा."

धार मनगटाएवढी झाली होती.

चौकीवरून आमच्या डेप्युटी इंजिनिअरसाहेबांना फोन लावला.

"गेट बंद करा," ते म्हणाले.

"टेलची पाळी जाईल, साहेब. शिवाय पाणी उतरायला संध्याकाळ होईल. तोवर बांध राहणार नाही. भोक आत्ताच बुजवायला हवं."

"साहित्य?"

"चिकण मुरूम, वाळू, खडी, दगड. खाणीवरून ट्रक यायला दुपार. कोर्टावरून लगेच मिळेल."

"कुठल्या कोर्टावरून?"

"आपल्याकडे एकच आहे, साहेब."

साहेबांचा आवाज चढला.

"अहो, उद्या ते येताहेत!"

ते म्हणजे पुण्याचे एक टेनिसपटू, परदेशातल्या स्पर्धा खेळून आलेले. त्यांचे स्कोअर मी पेपरातून कापून ठेवत असे. रेडिओवर त्यांचं नाव आलं की घरात कोणी बोलायचं नाही. डेप्युटीसाहेबांच्या ओळखीनं ते रविवारी आमच्या कॉलनीत एक सेट खेळणार होते. समोर मी. त्यासाठी मी रोज ड्यूटीनंतर राबून कोर्टाचा वरचा थर नवा केला होता.

"माहीत आहे, साहेब. रोलर मीच ओढलाय."

"करा मग. लेखी मागू नका."

गँगचे लोक कोर्टावर आले, पण पहिली कुदळ कोणी मारेना. रेघांचा चुना ताजा होता.

"हितनंच का, सायेब?"

"हो. सर्व्हिस बॉक्सपासून. तिथं थर जाड आहे."

टेनिसचं कोर्ट म्हणजे नुसतं मैदान नव्हे. तळाला दगड, त्यावर खडी, मग वाळू, वर चिकण मुरूम. गळतीला हेच लागतं, फक्त उलटं. मुरमाची पोती पाण्याच्या बाजूनं भोकात. बाहेरच्या तोंडावर आधी वाळू, मग खडी, वर दगड. पाणी निघून जातं, माती अडते.

तुकाराम कमरेला दोर बांधून कालव्यात उतरला. भोकाचं तोंड पायानंच शोधावं लागतं. तिथं पाय ओढला जातो.

"घावलं! धरा, धरा, वढतंय मला!"

आम्ही चौघांनी दोर ताणला. माझ्या टाचेखालची माती खचली. तुकाराम तोंडापर्यंत पाण्यात, आणि वरून पोत्यामागून पोतं.

"सायेब, एक बाजू संपली," कोर्टावरून माल आणणारा ट्रॉलीवाला ओरडला.

"नेटच्या पलीकडची घ्या!"

बाहेरच्या दगडांखालचं पाणी ग्लासात धरलं. चहासारखं. आणखी पोती टाकली. पुन्हा धरलं. तरी गढूळच. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ग्लासाचा तळ दिसला.

तुकाराम दात वाजवत वर आला. "आता पिऊन दावू का?"

टेलला पाणी पोचलं.

रविवारी पाहुणे आले, पांढऱ्या कपड्यांत, बगलेत रॅकेट. कोर्टाच्या जागी खड्डा होता.

"कोर्ट कालव्यात आहे," डेप्युटीसाहेब म्हणाले. "यांनी घातलं."

पाहुण्यांनी बांध पाहिला, ग्लासातलं पाणीही पाहिलं. चहा घेतला. परत येईन म्हणाले. आले नाहीत. यायला कोर्टही नव्हतं. नव्या कोर्टाचा खर्च वरून मंजूर झाला नाही.

धडा एकच. चौकीवर मुरूम, वाळू आणि खडीचा साठा हवा. तेव्हापासून मी प्रत्येक सेक्शनला ठेवत आलो. कोर्टासाठी कोणी मागितला, तर देत नाही.