पोटुशीचा उपास

हिंदुराव बेनकरांना धायरीत सगळे डॉक्टर म्हणतात. ते डॉक्टर नाहीत. सरकारी कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक होते, पण ज्याची गाय अडली आहे त्याला एवढं लांबलचक बोलायला वेळ नसतो, आणि हिंदुरावांनीही चौतीस वर्षांत कोणाची चूक दुरुस्त केली नाही. फटफटीच्या मागे नायट्रोजनचं भांडं बांधून ते खडकवासल्यापासून कात्रजच्या घाटापर्यंत हिंडले आणि गाईम्हशींना कृत्रिम रेतन करत राहिले. लग्नाच्या पंगतीत बसले की हमखास म्हणायचे, "हवेली तालुक्यातली निम्मी वासरं माझी हायेत." त्यांच्या पत्नी मैनाबाई वाढता वाढता थांबून म्हणायच्या, "आवं, वाक्य पुरं करा. पावणं ऐकत्यात."

ते निवृत्त झाले तोवर धायरी शहरात गेली होती आणि तपासायला गाय उरली नव्हती. शेतांत सोसायट्या उभ्या राहिल्या. हिरवीगार होती ती फक्त त्यांची नावं. हिंदुरावांचा स्वतःचा गोठाही रिकामा पडला. दुसरा एखादा पारावर जाऊन बसला असता आणि देशाचं काय चुकतंय ते सांगत राहिला असता. हे गृहस्थ शोभेच्या माशांच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले, प्रमाणपत्र घेऊन आले, ते प्लास्टिकमध्ये मढवून गोठ्यात लावलं, आणि दावणीच्या जागी काचेच्या आठ टाक्या मांडल्या.

सोपे मासे पाळायला काय हरकत होती? गप्पी आहेत, मोली आहेत, त्यांना पिल्लं घालायला कोणाची परवानगी लागत नाही. पण हिंदुरावांना ते काम कमीपणाचं वाटलं. जे आपोआप होतं त्यात डॉक्टरचं काय काम? त्यांनी रेनबो शार्क निवडला. नाव शार्क, नातं रोहू-कटल्याशी, लांबी वीतभर. काळं अंग, लाल पर आणि भांडकुदळ स्वभाव. हा मासा टाकीत खाऊनपिऊन लठ्ठ होतो, मादीचं पोट अंड्यांनी फुगतं, पण पुढे काही घडत नाही. त्याला नदीला आलेलं नवं पाणी लागतं, तेव्हा कुठे त्याच्या शरीराला निरोप पोचतो. टाकीत पूर कुठून आणणार? म्हणून तो पूर सुईतून द्यायचा: संप्रेरकाचं इंजेक्शन, आठ-दहा तासांची वाट, मग मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची. सुई म्हटल्यावर हिंदुरावांचे डोळे चमकले.

माद्या तीन आणल्या होत्या. त्यांतली पहिली मादी दोन महिन्यांपूर्वी गेली. तिचं वजन चाळीस ग्रॅम, आणि हिंदुरावांचा हात चारशे किलोच्या गाईचा. औषध त्यांनी अंदाजाने घेतलं. तो अंदाज तिला मानवला नाही.

सूनबाई तेजस्विनी कर्वेनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. सासऱ्यांना ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी इन्सुलिनच्या बारीक सिरिंजा, सलाइनची बाटली आणि नाजूक तराजू त्यांच्यासमोर ठेवला आणि औषध पातळ करून कसं द्यायचं ते कागदावर लिहून दिलं. न बोलण्याचाच हिंदुरावांना जास्त राग आला. पण कागद त्यांनी खिशात ठेवला.

दुसऱ्या मादीच्या वेळी मोजमाप तंतोतंत होतं. अंडीही आली. पण सकाळपर्यंत सगळी पांढरीफटक होऊन त्यांवर बुरशीची लव धरली. हिंदुरावांनी आधी औषधाच्या बाटलीवर संशय घेतला, मग पाण्यावर, मग नरावर. स्वतःवर आणि घरच्यांवर घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

आता अंड्यांनी भरलेली मादी उरली होती एक.

आणि गोठ्याचा प्रश्न उभा होता. मुलगा इंद्रजीत नावाच्या मानाने फारच शांत माणूस, पण हिशोबी. गोठा रस्त्याला लागून. पार्सलच्या धंद्यातल्या संतोष नावाच्या माणसाला तशीच जागा गोदामासाठी हवी होती. इंद्रजीतने वडिलांना स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, गणपतीच्या आत पिल्लं दाखवा. नाहीतर जागा संतोषला देऊ." संतोष शनिवारी मापं घ्यायला येणार होता.

हिंदुरावांना भाड्याचं काही वाटत नव्हतं. गोठा गेला तर हाताला काम उरणार नाही आणि हाताला काम नसलेल्याला लोक डॉक्टर म्हणायचं कधी सोडतील ते सांगता येत नाही, ही त्यांची भीती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. मैनाबाईंना न सांगता कळली होती.

इंजेक्शन गुरुवारी सकाळी द्यायचं ठरलं. प्रशिक्षणात शिकवलं होतं की मादीला त्याआधी एक दिवस काहीही खायला घालायचं नाही. पोटात अन्न असलं तर अंडी काढताना सोबत घाणही येते आणि अंडी नासतात. बुधवारी सकाळी हिंदुरावांनी घरात फर्मान काढलं. तसं ते दुसऱ्या मादीच्या वेळीही काढलं होतं.

बुधवारी दुपारी त्यांना झोप लागेना म्हणून ते गोठ्यात गेले, तर मैनाबाई स्टुलावर चढून टाकीपाशी उभ्या. हातात वाटी. वाटीत उकडलेला पालक, मटारचा चुरा, अंड्यातला पांढरा भाग, काकडीची कोवळी साल आणि माशांच्या खाद्याचे दाणे. पाच प्रकार. पाण्यात गजरा तेवढा सोडायचा राहिला होता.

"हे काय चाललंय?" हिंदुरावांनी विचारलं.

"पोटुशी हाय ती," मैनाबाई वाटी न लपवता म्हणाल्या. "पोटुशीला उपाशी ठिवायची पद्धत आपल्या घरात न्हाई."

"मागल्या येळेलाबी घातलं व्हतंस?"

"घातलं व्हतं की. तिलाबी पाचच केलं व्हतं."

हिंदुरावांचा आवाज गोठ्याबाहेर गेला आणि रस्त्यावरचे दोघे थांबले. आपण सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढली, शास्त्र म्हणजे काय ते या घरात कोणाला कळणार नाही, प्रमाणपत्र भिंतीवर कशासाठी लावलंय, असं ते बरंच बोलले. मैनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं की आज पहाटे दाण्यांच्या डब्याचं झाकण उघडं कोणी टाकलं होतं.

हिंदुराव भिंतीवरचं प्रमाणपत्र सरळ करू लागले.

झालं होतं ते असं: गाभण जनावराला मूठभर पेंड जास्त घाला, हे त्यांनी आयुष्यभर गावोगाव सांगितलेलं. फर्मान काढायला निघण्याआधी ते टाकीपाशी गेले, ती मादी काचेला तोंड लावून बघत होती, आणि त्यांच्या हाताने आपोआप चार दाणे टाकले. "चारच," असं ते संध्याकाळी तेजस्विनीला म्हणाले. मागच्या वेळीही चारच. म्हणजे त्या दुसऱ्या मादीला नवऱ्याचे चार दाणे आणि बायकोचं डोहाळजेवण असं दोन्ही मिळालं होतं, आणि बदनाम झाला होता बिचारा नर.

तेजस्विनीने हसू आवरलं. इंजेक्शन शुक्रवारवर ढकलावं लागेल, ती म्हणाली, गुरुवारी कडक उपास. खाद्याचे सगळे डबे तिने पिशवीत भरले आणि सकाळी स्कूटीवरून कॉलेजात नेले.

तरी स्वयंपाकघर उरलंच होतं. त्याचा निकाल मैनाबाईंनी लावला. "ती उपाशी, तर मीबी उपाशी," त्यांनी जाहीर केलं. श्रावण होताच, एक उपास वाढला तर बिघडत नव्हतं. पण हा नेहमीचा उपास नव्हता. मासोळीला साबुदाणा मिळत नाही, शेंगदाणे मिळत नाहीत, तर मलाही नकोत. तिला फक्त पाणी, मलाही पाणी. चूल बंद म्हटल्यावर हिंदुरावांचाही उपास घडला. दुपारी ते दोनदा फडताळ उघडून बंद करून आले. संध्याकाळी इंद्रजीत कामावरून आला, भांडी पालथी पाहिली आणि कोण गेलं असं विचारलं. उत्तर ऐकून त्याने मोबाइलवरून जेवण मागवलं. ते मैनाबाईंनी त्याला अंगणात बसून खायला लावलं, वास गोठ्याकडे जायला नको म्हणून.

शुक्रवारी सकाळी साडेसातला लवंगेच्या तेलाचे थेंब टाकलेल्या पाण्यात मादी गुंगली. ओल्या फडक्यात गुंडाळून हिंदुरावांनी तिला हातात घेतलं. वजन बेचाळीस ग्रॅम. खिशातला कागद काढून त्यांनी दोनदा वाचला, तिसऱ्यांदा तेजस्विनीला मोठ्याने वाचायला लावला, आणि पाठीवरच्या पराच्या बुडाशी सुई टोचली. नंतर त्यांनी स्टुलावर बसून पाणी मागितलं. नराला निम्मी मात्रा दिली. त्याच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही.

संध्याकाळी पाचला तिचं पोट मऊ पडलं होतं. बोटाचा हलका दाब दिला आणि कोरड्या ताटलीत अंडी उतरली, स्वच्छ, घाणीचा ठिपका नाही. नराचं दुधासारखं रेत त्यांवर सोडून हिंदुरावांनी कोंबडीच्या पिसाने ते सगळं एकत्र केलं. चौतीस वर्षं ज्या हाताने खांद्यापर्यंत गाईत शिरून काम केलं, त्या हातात पीस होतं, आणि ते इतकं जपून फिरत होतं की मैनाबाईंनी तोंडावर पदर धरला. नंतर हिंदुरावांनी अंडी कोपऱ्यातल्या टाकीत सोडली, मादीला तिच्या टाकीत, आणि उपास सुटला. आधी मासोळीचा, मग मैनाबाईंचा, शेवटी डॉक्टरांचा.

शनिवारी संतोष दहाला टेप घेऊन हजर. हिंदुरावांनी त्याला चपला बाहेर काढायला लावल्या, हळू बोलायला सांगितलं, आणि हवेच्या नळीला पाय लागू नये म्हणून टेप धरायला स्वतः मदत केली. म्हणजे टेप कुठेच धड लागू दिली नाही. इंद्रजीत मात्र कोपऱ्यातल्या टाकीपाशी वाकला होता. काही अंडी कच्च्या साबुदाण्यासारखी पांढरी पडली होती, पण बरीच शिजल्यासारखी नितळ होती. आणि त्यांच्यामध्ये पापणीच्या केसाएवढं काहीतरी शेकड्यांनी वळवळत होतं. त्याने मोबाइलचा उजेड लावला. एकेकाला दोन डोळे होते.

"बाबा, यातली जगणार किती?"

हिंदुरावांनी आयुष्यात असल्या प्रश्नाचं एकच उत्तर दिलं होतं. गाईच्या पाठीवर थाप मारायची आणि मालकाला सांगायचं, गाभण राहिली, काळजी सोडा. खरं काय ते महिन्यांनी कळायचं. इंद्रजीत लहानपणापासून ते ऐकत आला होता आणि त्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

"न्हाई सांगता येत," हिंदुराव म्हणाले. "निम्मी जातील. जास्तबी जातील. मला म्हाईत न्हाई रं."

इंद्रजीत सरळ झाला आणि वडिलांकडे पाहत राहिला. मग संतोषला म्हणाला की आमच्या चुलत्याची जागा वळणावर आहे, याहून मोठी आहे, तुमच्या टेम्पोला सोयीची पडेल, चला दाखवतो. संतोषने टेप गुंडाळली. आतून माप एकही मिळालं नव्हतं, तेव्हा त्याचंही फार नुकसान झालं नाही.

ते दोघे गेल्यावर मैनाबाई आत आल्या. पदराखाली वाटी होती. हिंदुरावांनी ती ओळखली आणि सांगितलं की या पिल्लांना तीन दिवस काहीही घालायचं नाही.

मैनाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की तेजस्विनी घाईने मध्ये पडली. आई, हे बघा, तिने टाकीत बोट दाखवलं, प्रत्येकाच्या पोटाला बारीक पिवळी पिशवी आहे ना, तीन दिवस पुरेल एवढं जेवण त्यात आधीच बांधून दिलेलं असतं.

मैनाबाईंनी चष्मा पुसला आणि बराच वेळ एकेका पिल्लाची पिशवी तपासली.

"ह्याची रिकामी दिसतीय," त्या म्हणाल्या.

हिंदुरावांनी हात पुढे करून वाटी काढून घेतली.