क्लच काकूंकडे

वागळे इस्टेटच्या उतारावर दुसरा गिअर सुटला आणि जीप मोकळी धावायला लागली. ब्रेक नुकतेच तपासलेले होते म्हणून बरं. मी गाडी कडेला घेतली, परत दुसरा टाकला, चार पावलं गेली आणि दांडा खटकन न्यूट्रलमध्ये परत आला.

गिअर जागेवर धरून ठेवायला गिअरबॉक्समध्ये एक छोटी गोळी आणि स्प्रिंग असते. ती झिजली, आतले दातेही झिजले, की उतारावर पाय सैल केला रे केला की गिअर आपोआप बाहेर पडतो. आमच्या भाषेत, गिअर सुटतो. जुन्या जीपमध्ये ही तक्रार नवी नाही. नवल याचं होतं, की गाडी देताना ही तक्रार कोणी केलीच नव्हती.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. बरीच वर्षं नोकरी केली, मग इथे एक गाळा घेतला. जुन्या जीपा परत उभ्या करायच्या आणि मालकाच्या गरजेप्रमाणे त्यात बदल करायचे, हा माझा धंदा. माझ्याकडे येणारे लोक गाडीच्या तक्रारी अशा सांगतात, जशा सासरच्या सांगाव्यात, संपतच नाहीत. त्यामुळे न सांगितलेली तक्रार सापडली की माझं डोकं फिरतं.

मी मंजिरीला फोन लावला. मंजिरी साळवी म्हणजे जीपच्या मालकांची मुलगी. राहायला डोंबिवलीत, कोपरला. आदल्या आठवड्यात आईला शेजारी बसवून तीच जीप चालवत घेऊन आली होती.

"मंजिरी, सेकंड गिअर सुटतोय. कधीपासून?"

"नाही हो मॅडम. आमचा कधीच सुटला नाही. आम्ही तर माळशेजला पण गेलेलो हिच्यातून."

मागून तिच्या आईचा आवाज आला आणि फोन त्यांच्याकडे गेला. "अहो, तो सुटतोच. मी धरते ना. उतार आला की मी दांडा धरून बसते. ते माझंच काम आहे."

वडिलांसारखीच मंजिरीही इतकी वर्षं ती जीप चालवत होती आणि शेजारी बसलेली आई दांड्यावर हात का ठेवते, हे तिला माहीतच नव्हतं. तिला वाटायचं, आईला भीती वाटते म्हणून धरते.

आता साळवी काकांबद्दल सांगायला हवं. ते एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. तरुणपणी लिलावात निघालेली ही जीप त्यांनी घेतली, तेव्हा तिला धड तळही नव्हता. मग दर रविवारी सोसायटीच्या आवारात जीपखाली काका, पाने हातात द्यायला काकू आणि सुटे भाग रॉकेलच्या डब्यात धुवायला मंजिरी. लोक रविवारी सिनेमाला जायचे, हे तिघे ग्रीस लावायचे. जीप चालायला लागल्यावरही रविवार सुटला नाही. काही बिघडलं नसेल तर काका काहीतरी उघडून ठेवायचे.

वर्षभरापूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, चालणंही काठी घेऊन सुधारलं. डावा हात आणि डावा पाय मात्र अधू राहिले. आपल्याकडे गाडी चालवताना डावा पाय क्लचवर आणि डावा हात गिअरवर. म्हणजे नेमकं तेच गेलं.

म्हणून मंजिरी माझ्याकडे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायला आली होती. त्यात क्लच नसतो, गिअर आपले आपण बदलतात. डॉक्टरांना तिने आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, नजर ठीक आहे, समज ठीक आहे, पण रस्त्यावर अजिबात नाही. मोकळ्या खाजगी जागेत, शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असेल तर हळूहळू चालवू दे, मन रमेल.

"मॅडम, बाबा फिजिओला नाही म्हणतात," गाडी सोडताना मंजिरी मला बाजूला घेऊन म्हणाली होती. "रविवारी खाली उतरत नाहीत. गॅलरीतून जीप दिसते म्हणून गॅलरीत पण बसत नाहीत. विकून टाका म्हणतात. जीप गेली ना, तर ते परत खुर्चीतून उठणारच नाहीत."

मी हातात पाना असला की रडत नाही, म्हणून पाना उचलला.

गिअर सुटल्याचं कळल्यावर मी गिअरबॉक्स उघडण्याआधी काकांना घेऊन या म्हटलं. शेवटी मालक ते. रिक्षातून उतरून ते शटरजवळच्या खुर्चीत बसले आणि जीपकडे पाठच फिरवली. काकू सवयीने जीपमध्ये डाव्या सीटवर जाऊन बसल्या.

"काका, ऑटोमॅटिक बसवायचा विचार आहे," मी म्हटलं.

"मला विचारलं नाही कोणी."

"आता विचारतेय."

"मग ऐका. ती जीप मी गिअरवर चालवली. कुठल्या चढाला कुठला गिअर, हे ठरवण्यातच तर मजा. दोन पेडलची जीप करायची असेल, तर मला सरळ बागेतल्या बाकावर बसवा. विकून टाका तिला. चांगल्या माणसाला द्या."

"बाबा, असं काय करता?" मंजिरी म्हणाली.

"अगं, खरं तेच बोलतोय. डाव्या बाजूची माझी सगळी कामं आता कोणीतरी दुसरं करतं. बटणंसुद्धा. जीप तरी राहू दे तशी."

मी मनातल्या मनात ऑटोमॅटिकवर फुली मारली. काकांचं पटलंही होतं मला. मी जीपकडे बघितलं. काकू समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर होता. गाडी बंद, चाकं ठोकळ्यांवर, तरी हात तिथेच.

"काकू," मी विचारलं, "तुमचा डावा पाय कसा आहे?"

"गुडघा कुरकुरतो. पण शिवणाचं मशीन चालवते अजून. का हो?"

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, हे सगळ्यांनी पाहिलं असेल. त्याला ड्युअल कंट्रोल म्हणतात. काकूंच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवायचाच होता. मी म्हटलं, शेजारी क्लचही बसवू. काका स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक बघतील. क्लच आणि गिअर काकूंकडे.

काका पहिल्यांदाच खुर्चीत वळले. "क्लच हिच्याकडे?"

"गिअर तर इतकी वर्षं त्यांच्याकडेच होता, काका."

"दुसराच फक्त," ते म्हणाले.

"आणि उतारावर तो कोणी सांभाळला?" काकू आतूनच म्हणाल्या. "तुम्ही मजेत गाणी म्हणत होतात."

काका काठीच्या मुठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिचा पाय छोटा आहे. पेडल जवळ आणावं लागेल." यालाच मी होकार समजले.

काम सोपं नव्हतं. मूळ क्लच दांड्यांनी ओढला जायचा, दाबताना माझ्याच पायात गोळे यायचे. तो काढून तेलाच्या दाबावर चालणारा हलका क्लच बसवला. काकूंना गाळ्यात बोलावलं, त्यांचं माप घेतलं आणि पेडल त्यांच्या चपलेपर्यंत आणलं. स्टिअरिंग एका हाताने फिरावं म्हणून पॉवर स्टिअरिंग घातलं आणि त्याच्या चाकावर मुठीत मावेल असा फिरता गोळा लावला. गिअरबॉक्सची गोळी, स्प्रिंग, झिजलेले दाते सगळं बदललं. आता दुसरा गिअर कोणी न धरता राहतो. हे काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरं," पण चेहरा काही फार खूश दिसला नाही.

ही व्यवस्था रस्त्यासाठी नाही, हे मी तिघांना बजावून सांगितलं. कल्याणच्या पुढे काकांच्या एका मित्राचा मोठा मोकळा प्लॉट आहे. दगड, खड्डे, मध्ये मातीचा उंचवटा. तिथपर्यंत मंजिरीने जीप आणायची, फाटकाच्या आत काका-काकूंनी बसायचं.

पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. काकूंनी पहिला टाकला, क्लच सोडला, जीपने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"अर्धा सोड म्हटलं ना," काका म्हणाले.

"म्हणाला नाहीत. मनात म्हणालात."

दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्यांदा बंद. काकांच्या मानेवर घाम आला होता आणि मला वाटायला लागलं, की आता ते काठी मागणार. काकूंनी चप्पल काढली, अनवाणी पाय पेडलवर ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही पाय उचललात की मला आवाजावरून कळतं. सांगू नका. नुसतं उचला."

काकांनी ॲक्सिलरेटर दिला. जीप निघाली. थोडं पुढे जाऊन त्यांनी पाय किंचित उचलला, इंजिनाचा आवाज खाली आला आणि त्याच क्षणी काकूंनी क्लच दाबून दुसरा टाकला. धक्का बसला नाही. मी नोकरीत भारीतले भारी गिअरबॉक्स तपासले आहेत, इतका अलगद बदललेला गिअर क्वचित पाहिला. मग ते दोघं बोललेच नाहीत. तिसरा, परत दुसरा, खड्डा, वळण. उंचवट्याच्या पायथ्याशी काका क्षणभर थांबले आणि काकूंनी न विचारता पहिला टाकला. चढाला तोच लागतो.

माथ्यावर जीप उभी राहिली. खाली इतका वेळ शूटिंग करणाऱ्या मंजिरीने आता मोबाईल बाजूला घेतला होता. काका रडत होते. आवाज नव्हता, नुसतं पाणी. मी बाहेर बघायला लागले.

काकू म्हणाल्या, "डोळे पुसा. पुढे उतार आहे."

काकांनी उजव्या हाताने डोळे पुसले, तोच हात परत स्टिअरिंगवर ठेवला आणि जीप खाली आणली.

तेव्हापासून कोणी कुटुंबाची जुनी गाडी घेऊन आलं, की मी मॉडेल नंतर विचारते. आधी विचारते, गाडीत कोण कुठे बसतं आणि बसल्यावर काय करतं. अर्धा बिघाड त्यातच कळतो, आणि कधीकधी इलाजही.

काही आठवड्यांनी रविवारी सकाळीच मंजिरीचा फोन आला. "मॅडम, सॉरी हं. बाबा खाली आलेत. फिजिओचा व्यायाम करून, काठी घेऊन जीपपाशी आलेत. म्हणतायत, तुम्ही आईच्या पेडलचं वेल्डिंग वाकडं केलंय. ते उघडून बसलेत."

मी दुपारी कोपरला गेले. काका चटईवर बसले होते, उजव्या हातात पाना. काकू बॅटरीचा उजेड पाडत होत्या. मी वाकून बघितलं. वेल्डिंग अगदी सरळ होतं. माझ्या कामाला कोणी नावं ठेवली की मी एरवी भांडते.

"हो काका," मी म्हटलं, "जरा वाकडंच दिसतंय."