अनुभवाची पाच मिनिटं

"अर्थ आम्ही काढू रे. तू फक्त भोगलेलं सांग."

हे मला ताई म्हणाल्या. शिवाजी पार्कच्या त्यांच्या दिवाणखान्यात, भरल्या बैठकीत, साबुदाणावडा मोडता मोडता. सगळे हसले. वाईट नाही हसले. पोर बापाचे बूट घालून चालायला लागलं की हसतात, तसं हसले.

मी मागितलं काय होतं? आमच्या वाचकमंडळाचा वार्षिक कार्यक्रम दादरच्या एका सभागृहात होणार होता. त्यात कादंबरीवरचं विवेचन मला करायचं होतं. एकदाच. चंद्र नव्हता मागितला.

ताई निवृत्त प्राध्यापक. मंडळ त्यांच्याच घरी भरायचं. जगभरातल्या थोर आधुनिक कादंबऱ्या. समाज, सत्ता, माणसाचं तुटलेपण. पृथ्वीच्या कुठल्याही कोपऱ्यात माणूस चिरडला गेला की आम्ही त्याला महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चहाबरोबर घ्यायचो. आधी उतारे वाचायचे. मग सरांचं विवेचन. सर म्हणजे ताईंचे यजमान. आणि शेवटी 'अनुभवाची पाच मिनिटं'. ती माझी. कायमची. कारण त्या बैठकीत चाळीतला मी एकटा. बाकीच्यांना अनुभव नव्हता. मतं होती.

मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. एमए झालोय. परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसतो. ही ओळख ताईंनी कधी करून दिली नाही. त्यांची ओळख तीन शब्दांची. "आमच्या शांताचा मुलगा."

शांता म्हणजे माझी आई. मी रांगत होतो तेव्हापासून ती त्यांच्याकडे पोळ्या लाटायची, भांडी घासायची. गुडघे गेले तेव्हा थांबली. आणि तिचं नाव शांता नाही. यशोधरा. पण त्या घरात पहिली जी कामवाली होती ती शांता. म्हणून दुसरीही शांता, तिसरीही शांता. आई कामाला लागली त्या दिवशी ताईंनी तिला नाव विचारलंच नाही. "आमच्याकडे शांताच म्हणतात गं, जिभेला सवय झालीय." खुर्ची मोडली तर नवी आणतात. तिला काय नाव विचारतात?

ताईंनी मला पुस्तकं दिली, हे खरं. पिशव्या भरभरून दिली. तेही त्या दर बैठकीत सांगायच्या.

तर, पाच मिनिटं. पहिल्या खेपेला मी खरं सांगितलं. शाळेतलं, साधं. कुणी वडा खायचा थांबलं नाही. तेव्हा मला कळलं, इथे माल जरा मोठा लागतो. मग मी सुटलो.

सांगितलं, माझा बाप गिरणीत होता. छातीत इतका कापूस साठला की एकदा खोकला की एक उशी भरायची. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या बापाच्या खोकल्याच्या. एका लेखिकाबाईंनी डोळे पुसले. सांगितलं, खोलीत माणसं इतकी, की एकाने कूस बदलली की सगळ्या मजल्याला बदलावी लागे. एकदा एक म्हातारा उलट्या बाजूला वळला, तर भिंतीला तडा गेला. सर म्हणाले, "हा तडा म्हणजे रूपक आहे." ताई म्हणाल्या, "किती अस्सल."

घरी आलो की आई विचारायची, "आज काय फेकलंस?"

"बाबांचा कापूस."

"मेल्या, तुझा बाप पोस्टात होता. गिरणी त्याने बाहेरून बघितली."

"अगं, पोस्टमनला कोण रडतंय?"

"आणि मेला कशाने, म्हणून सांगितलंस?"

"कापसानेच."

आईने तवा उतरवला. मग म्हणाली, "बाकी काय हवं ते सांग. त्याचं मरण तेवढं खोटं नको सांगू."

वार्षिक कार्यक्रमाला कादंबरी होती एका बंदरावरच्या कारकुनाची. लोक त्याला हळूहळू नावाने हाक मारायचं सोडतात. आधी साहेब, मग शेजारी, मग बायको. शेवटी तो आपल्याच दारावर आपलं नाव सांगतो, आणि आतून आवाज येतो, असं इथे कुणी नाही.

ही कादंबरी मी पुन्हापुन्हा वाचली होती. मला सांगायचं होतं की नाव हरवलं म्हणतात ते खोटं. नाव जागेवरच असतं. घेणारा घेत नाही. लेखकाने कारकुनाचं दुःख पानोपानी लिहिलं, पण दाराच्या आत जो बसलाय त्याला काय वाटतं, त्यावर एक ओळ नाही. ती ओळ कुठे गेली, एवढंच विचारायचं होतं मला. त्यावर मिळालं काय, तर तू फक्त भोगलेलं सांग.

आईला मी मुद्दाम नेलं. विहारात वंदनेला जाताना नेसते ती पांढरी साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली. ताईंनी व्यासपीठावरून पाहिलं आणि माइकवर म्हणाल्या, "आज आमची शांतासुद्धा आलीय." टाळ्या पडल्या. नाव न घेण्यावरच्या कादंबरीच्या कार्यक्रमात.

सरांनी विवेचन केलं. "नाव काढून घेणं ही सत्तेची सगळ्यात सभ्य हिंसा आहे." पुन्हा टाळ्या.

मग मी. उठताना ताई कानाशी कुजबुजल्या, "तो कापसाचा सांग. हमखास जातो."

उभा राहिलो. कापूस घशापर्यंत आला होता. समोर आई दिसली. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या मंडळींसमोर मीठमसाला न घालता बोललो.

म्हटलं, माझे बाबा पोस्टमन होते. एका दुपारी टपाल वाटून आले आणि जिन्यात कोसळले. शेजारचे गौतमकाका आईला आणायला धावत शिवाजी पार्कला गेले. तेव्हा मोबाइल नव्हते. बेल वाजवली. दार ताईंनी उघडलं. काका म्हणाले, "यशोधराला बोलवा, घरी पाठवा." ताई म्हणाल्या, "यशोधरा? अशी इथे कुणी नाही." दार लागलं. आत माझी आई पोळ्या लाटत होती. कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. काकांना वाटलं आपण इमारत चुकलो. त्यांनी आजूबाजूची दारं वाजवली आणि परत आले. आईने पोळ्या संपवल्या, भांडी घासली, ओटा पुसला आणि रोजच्या वेळेला घरी आली. बाबा तोवर गेले होते. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि आई कामावर गेली, तर ताई म्हणाल्या, "इतके दिवस जायचं तर सांगून जावं गं, शांता."

एवढंच. पाच मिनिटंही लागली नाहीत.

ताईंनी लगेच माइक घेतला. हसऱ्या चेहऱ्याने. "आमचा हा मुलगा फार रंगवून सांगतो. थोडी अतिशयोक्ती ही त्याची शैलीच आहे."

लोक सैलावले. हसलेसुद्धा. बापाच्या छातीतल्या गाद्या यांनी खऱ्या मानल्या होत्या. भिंतीचा तडा खरा मानला होता. आणि हे मात्र शैली.

"काय गं शांता," ताई माइकवरून म्हणाल्या, "असं काही झालं होतं का?"

आई हलली नाही.

"शांता, तुलाच विचारतेय."

आईने मान वळवली. मागच्या रांगेत पाहिलं. मग उजवीकडे, डावीकडे. शांता नावाची कुणी बाई उठतेय का, हे शांतपणे बघत राहिली. कुणीच उठलं नाही. मग पुढे बघून बसली.

"ऐकू कमी येतं तिला," ताई म्हणाल्या. आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

आम्ही चहा न घेता निघालो. फुटपाथवर आई म्हणाली, "इतकी वर्षं मी हाकेला ओ दिली ना, म्हणून तिला वाटलं नाव माझंच आहे."

"त्या दिवशी तुला कळलं होतं?"

"गौतमने सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी."

"मग परत कशी गेलीस तिथे?"

"तू जेवत होतास ना?" तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आठवड्याने ताईंचा फोन आला. आवाजात तीच साय.

"रागावू नकोस रे. वेळ सांभाळायची होती. पुढच्या वेळी नवी कादंबरी घेतोय, तुझी पाच मिनिटं ठेवलीयेत."

"येतो ताई. विवेचन मी करणार. पाच मिनिटं तुम्ही घ्या."

"मी? मला कसला आलाय अनुभव?"

"दार तुम्ही उघडलं होतंत."

पलीकडून फोन बंद झाला.

मी जाणार आहे. दुसऱ्या रविवारी, चहाच्या वेळेला. बेल वाजवणार. आतून कोण म्हणून विचारलं की सांगणार, यशोधराचा मुलगा. अशी इथे कुणी नाही म्हणाले तर पुन्हा वाजवणार. दार उघडलं नाही तर जिन्यात उभा राहून विवेचन करणार, पहिल्या पानापासून. मला माइक लागत नाही. माझा आवाज शिवाजी पार्कातून वरळीपर्यंत जातो.

यात अतिशयोक्ती नाही.