सगळ्यांचा वाढदिवस एक जून

जव्हारला आमचं छोटंसं ऑफिस होतं, तेव्हा आम्ही मुलींच्या एका वसतिगृहासाठी प्रवेशाची वेबसाइट बनवली. मी जामसरचा, जोडीदार पुण्याचा. जागा माझ्या शाळेतल्या गुरुजींची. बदल्या होत होत ते जव्हार-मोखाड्याच्या कितीतरी शाळा फिरलेले. निवृत्त झाले तरी आमच्या मागे खुर्ची टाकून बसलेलेच.

जोडीदाराने टेस्ट लिहून ठेवल्या होत्या. बटण दाबलं की कॉम्प्युटर स्वतःच खोट्या मुलींचे अर्ज भरायचा आणि सगळं बरोबर असलं की हिरवी रेघ उमटायची. एकीनेच दोनदा अर्ज भरला तर अडवायचा, हेही त्यात होतं. नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख जुळली की दुसरा अर्ज बाद. रोज हिरवं! पठ्ठ्या असा मिरवायचा की विचारू नका.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी पोशेऱ्याहून एक बाई मुलीला घेऊन जीपने आली. मुलीचा अर्ज साइट घेईना. म्हणे, ‘हा अर्ज आधीच आला आहे.’ आला होता तो चुलतबहिणीचा. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, आणि तारीखही तीच, एक जून.

“दोघी एकाच दिवशी जन्मल्या?” जोडीदार चक्रावला.

“नाय ओ,” बाई म्हणाली. “ही भाताच्या आवणीत झाली. ती होळीला.”

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी पंख्याकडे बघायला लागले. शाळेत नाव घालताना अर्ध्या मुलखाला त्यांनीच एक जूनला जन्माला घातलंय, त्यात मीही आलो.

“अरे, शाळा जूनमध्ये उघडते,” ते शेवटी फणकारले. “आईबापाला तारीख ठाऊक नाही म्हणून काय पोरं परत पाठवायची?”

जोडीदाराने कपाळाला हात लावला. त्याच्या खोट्या मुली बाराही महिन्यांत रीतसर जन्मल्या होत्या, शहाण्या कुठल्या! त्याने नवी टेस्ट लिहिली: नाव एक, गाव एक, तारीख एक, वडील वेगळे, दोघींना प्रवेश मिळालाच पाहिजे. जुन्या नियमाने लाल रेघ. मग नियमात वडिलांचं नाव घातलं. हिरवं! आम्ही टाळ्या देतोय, गुरुजी चहा सांगतायत, आणि नवा नियम साइटवर चढवायचा राहिलाच.

बाईने कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘प्रवेश मिळाला’ लिहिलेल्या एका नावाकडे बोट केलं. “ही कोणाची पोर?”

“कोणाचीच नाही, मावशी. तपासायला घेतलेली. खोटी आहे ती.”

“तिला घेतली,” ती म्हणाली. “आन् माझी अजून उभीच हाय.”

खरंच की. पोरगी दप्तर छातीशी धरून दारातच उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जोडीदाराने नियम साइटवर चढवला, मग उठून तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. एकेक अक्षर शोधत तिने स्वतःच अर्ज भरला, आणि तो गेला.