केळवणाच्या वाट्या

फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. फुकट डोळे तपासून घ्यायला गेलेली माझी जाऊ नको असलेला चष्मा करून आली होती आणि फुकट जेवणाच्या सेमिनारला गेलेला नवरा लोणावळ्याच्या कुठल्याशा रिसॉर्टचा मेंबर होऊन आला होता. त्यामुळे गिरगावातल्या त्या दोन जुळ्या बंगल्यांत आता शहराच्या इतिहासाचं म्युझियम झालंय आणि त्याला तिकीट नाही, असं आईने सांगितलं तेव्हा मी पहिलं विचारलं, "मग त्यांचा फायदा काय?"

"तुला काय करायचंय? मला घेऊन चल फक्त," आई म्हणाली.

हे तर आणखीच वेगळं. गुडघ्यांमुळे आई परळच्या आमच्या बिल्डिंगीतून खाली उतरायलाही कुरकुरते. ती आठ दिवस माझ्या मागे लागली होती. का जायचंय, विचारलं तर ताकास तूर लागू देईना. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं.

त्या घराशी आमचा काय संबंध, ते मला माहीत होतं. माझी आजी, म्हणजे आईची आई, तिथे स्वयंपाकाला होती. मासळी खाणारं, मोठं, जमीनजुमला असलेलं घर. जेवणं झाली की चांदीची भांडी घासूनपुसून परातीत पालथी मांडायची आणि घरच्या बाईंनी ती मोजून कपाटात ठेवायची, अशी तिथली पद्धत. एका केळवणाला बारा वाट्या काढल्या आणि अकराच परत आल्या. आजीला तोंडावर कोणी चोर म्हटलं नाही. उद्यापासून येऊ नका, एवढंच सांगितलं. पण गिरगावात तिला पुन्हा कोणी स्वयंपाकघरात घेतलं नाही. बिऱ्हाड लालबागला गेलं आणि एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांची खानावळ चालवण्यात आजीचा जन्म गेला. आमच्याकडे ही गोष्ट आजोबा सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आळ घेतला मेल्यांनी." तोवर आई उठून आत गेलेली असायची. स्वतःच्या आईचा अपमान तिला ऐकवत नाही, असं मी समजत होते.

एका सकाळी टॅक्सी करून आम्ही गेलो. मी पैसे देईपर्यंत आई पुढे चालायला लागलेली. बंगल्याच्या कमानीखालून आत न जाता ती सरळ बाजूच्या बोळात शिरली आणि मागचं लोखंडी फाटक ढकलू लागली. फाटकाला कुलूप होतं. वॉचमन धावत आला.

"आजी, एंट्री पुढून आहे. इकडून स्टाफचं."

"हो का," म्हणून आई वळली. मग मला हळूच म्हणाली, "अगं, आम्ही इथूनच जायचो."

मला राग आला. वॉचमनचा नाही, आईचाही नाही. त्या फाटकाचाच म्हणायचा.

आत टेबलावर वही. नाव, पत्ता, मोबाईल नंबर. नंबर कशाला, विचारलं तर तिथली मुलगी गोड हसून "असंच, मॅडम, रेकॉर्डला," म्हणाली. मी शेवटचे दोन आकडे खोटे लिहिले. मग दानपेटी कुठे दडवलीय ते शोधलं, सापडली नाही. जुने नकाशे, ट्रामची तिकिटं, बंदराचे फोटो, सगळं छानच मांडलेलं. प्रत्येक पाटीवर घरमालक दानशूर आणि रसिक. रांधणारं, धुणारं कोणी त्या घरात होतं, याचा कुठे पत्ता नाही. स्वयंपाकघर शोधलं, तर तिथे टॉयलेट झालेलं.

लाकडी पुलावरून दुसऱ्या बंगल्यात गेलो. तिथे जेवणघर जसंच्या तसं ठेवलंय. भिंतीलगत काचेचं कपाट आणि आत चांदीच्या वाट्या, प्रत्येकीच्या अंगावर कोरलेला एक पोपट. खाली पाटी: केळवणाच्या वाट्या, कुटुंबाकडून भेट.

आई काचेवर बोट ठेवून मोजायला लागली. मग उलट्या बाजूने पुन्हा मोजल्या. मीही मोजल्या. बारा.

माझं डोकंच फिरलं. "थांब, इथल्या साहेबांना बोलावते. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

आईने माझं मनगट धरलं. "कोणाला विचारणार? वाट्या मोजणारी ती बाई केव्हाच गेली."

"नाहीतर मागाहून एक नवी घडवून घेतली असेल, संच पुरा दिसावा म्हणून," मी म्हटलं. संशय माझ्या हाडात आहे, तो कोणाला सोडत नाही.

"नाही. ती बघ, टोकाची. पोपटाची चोच झिजलेली. तीच मिळत नव्हती त्या दिवशी. दहा वर्षांची होते, पण माझ्या हाताने घासल्यात मी त्या."

मला इतका आनंद झाला की मी आईला तिथेच मिठी मारली. "म्हणजे आजी सुटली गं! इतक्या वर्षांनी का होईना."

आईने मिठी सोडवली आणि बाकावर बसली. तिचा चेहरा आनंदाचा नव्हता.

"त्या दिवशी येताना तिच्या ओच्यात काहीतरी जड होतं," ती म्हणाली. "सगळा रस्ता लुगड्याच्या त्या खोच्यावर हात ठेवून चालत होती. घरी पोचल्यावर मला बाहेर खेळायला पाठवलं."

"काय होतं?"

"मी विचारलंच नाही. नारळाची भकलं असतील, उरलेलं काही असेल. मी धरून चालले, वाटीच."

"लहान होतीस तू."

"तेव्हा होते. ती परळला हॉस्पिटलात होती तेव्हा तू दहावीला होतीस. शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, 'बाये, तुका तरी माझां खरां वाटता मां? मियां ती वाटी नाय घेतलंय.'"

"मग तू काय म्हणालीस?"

आई काचेकडे बघत होती.

"म्हटलं, पाणी देऊ?"